म्हातारीने तोंड फिरवलं

आत्याची म्हातारी शेळी काय खात नाही ते विचारा. तिने माझी रबरी चप्पल खाल्ली आहे, दोरीवरचा टॉवेल खाल्ला आहे, टँकरच्या फाटक्या सीटमधला काथ्या ओढून ओढून खाल्ला आहे. तिला आम्ही 'म्हातारी'च म्हणतो. दात झिजले, पण भूक काही झिजली नाही. म्हणून त्या दुपारी तिने समोरच्या हिरव्यागार पाल्याचा वास घेतला, फुर्र केलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

"वहिनी, पाहुणीला पसंत नाही पडलं," मी म्हणालो.

वहिनी हसली नाही. पाला तिने स्वतः कुरणातून कापून आणला होता, मोठ्या कौतुकाने, कवेत मावेल एवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणाचं फाटक उघडणार होतं आणि पहिला घास घरच्या शेळीने खावा, अशी तिची हौस होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लांब खाणीवर कामाला असतो, मधूनमधून घरी येतो. घर, आत्या, आत्याच्या शेळ्या आणि घरामागची रोपवाटिका, सगळं वहिनी बघते. मी पाण्याचा टँकर चालवतो. वस्तीला पाणी वाहून उरलेल्या खेपा गेली तीन वर्षं वहिनीच्या कुरणाला घातल्या. फुकट. वर बोलणी खाऊन. कारण मी झाडांच्या आळ्यांत पाणी सोडताना केबिनमधून उतरत नाही, आणि आत्याच्या मते हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

कुरणाची गोष्ट आधी सांगतो, नाहीतर त्या दुपारी आमच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. वस्तीबाहेर एक मोठं कुरण आहे. एके काळी तिथे शमीची झाडं होती. कोणाचं सरपण झालं, कोणाच्या दाराची चौकट झाली, आणि झाडं संपली. मग वाळू उडत थेट घरात यायला लागली. भाकरीचा तुकडा मोडला की दाताखाली कचकच. गवत तर आठवणीतच उरलं. तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, रोपं मी देते, लावते, जगवते. तुम्ही फक्त तीन वर्षं शेळ्या आत सोडू नका. लोक ऐकेनात. मग तात्या उठले. सगळ्यात मोठा कळप त्यांचा. त्यांनी अर्ध्या शेळ्या विकून टाकल्या आणि म्हणाले, "मी थांबतो. बाकीच्यांनी काय ते बघा." तात्या थांबले म्हटल्यावर सगळे थांबले.

शमीच का, यावर वहिनीचं एक भाषण आहे. आमच्या अंगणात एक जुनी शमी आहे, तिच्याकडे हात करून ते चालतं. उन्हाळ्यात बाकीची झाडं काड्या होऊन उभी असतात तेव्हा ही कोवळी पालवी काढते. पाला शेळ्यांना, शेंगा शेळ्यांना आणि माणसांनाही. फुलली की मधमाश्यांचा गुंजारव. सावली इतकी विरळ की खाली पेरलेलं धान्य मरत नाही, उलट दोन बोटं जास्त वाढतं, कारण हिच्या मुळाशी माती सकस होते. आणि मूळ एवढं खोल की वरची ओल ही गवताला सोडते आणि स्वतः खालचं पाणी पिते. मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, झाडाचं सांगताय की स्थळाचं?" त्यावर तिने माझ्या अंगावर झारीतलं पाणी ओतलं होतं.

तर ते झाड. आणि त्याचा पाला म्हातारी खाईना.

"तिचं पोट बिघडलं असेल," आत्या ओसरीवरून म्हणाली. "दुसरीला घाल."

दुसरीला घातला. तिने हुंगला आणि खांबाला अंग घासत बसली. तिसरी तर जवळही आली नाही. एवढ्यात म्हातारी परत वळली, पाल्यात नाक खुपसलं, आणि पानं बाजूला सारून आतून एक वाकडी पिवळट शेंग ओढून काढली. कडाकडा चावली. मग दुसरी. बाकीच्या शेळ्या एकदम धावल्या, शेंगांसाठी टकरा झाल्या, आणि मिनिटभरात सगळ्या शेंगा फस्त. पाला तसाच. एक पान कोणी तोडलं नव्हतं.

वहिनीचा चेहरा बघून माझं हसू गिळलं गेलं. ती उठली, अंगणातल्या शमीची एक डहाळी मोडली आणि म्हातारीपुढे धरली. म्हातारीने डहाळी बोटांसकट ओढली.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, आवाज अगदी बारीक, "इकडे या. काटा कुठून फुटलाय ते बघा."

तिने शमीची उरलेली काडी आणि कुरणातली फांदी शेजारी शेजारी धरली. शमीच्या काडीवर काटे बारके, आणि कुठेही, कसेही, पेराच्या मध्येच. कुरणातल्या फांदीवर काटे लांब, सुयांसारखे, जोडीजोडीने, आणि बरोबर पानाच्या बगलेतून निघालेले. मी तो काटा ओळखला. कसा नाही ओळखणार? वर्षभर त्या कुरणात माझी चाकं पंक्चर होत होती आणि टायरमधून मी पकडीने तोच काटा उपसत होतो. घरी येऊन शमीच्या नावाने बोटं मोडत होतो. शमीच्या काट्याने टँकरचं टायर कधी फुटत नाही, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये?

"वेडी बाभूळ," मी म्हणालो.

वहिनी मटकन खाली बसली.

वेडी बाभूळ कोणाला माहीत नाही! कोणे एके काळी बाहेरून कोणीतरी सरपणाला आणि कुंपणाला म्हणून आणली. आता ओढ्यापलीकडची सगळी जमीन तिची आहे. माणूस आत शिरू शकत नाही, शेळी शिरली तर अंगावर ओरखडे घेऊन येते. खाली गवताचं पातं उगवत नाही. एक तोडली की बुंध्यातून दहा फुटतात. तिचा पाला शेळ्या खात नाहीत, पण शेंगा गोड. त्या खातात, आणि बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. जिथे लेंडी तिथे बाभूळ. आणि आम्ही ती ओढ्याच्या अलीकडे आणून, आळी करून, टँकरने पाणी घालून, तीन वर्षं लेकरासारखी वाढवली होती.

"अगं पण आली कुठून?" आत्या उतरून आली होती.

वहिनीने मान वर केली. "आत्या, लेंड्या तुम्ही दिल्या होत्या."

शमीचं बी कडक असतं, नुसतं पेरून लवकर उगवत नाही. म्हणून आमच्याकडे शेंगा शेळ्यांना चारायच्या, लेंड्या जमवायच्या आणि त्याच पिशव्यांमध्ये पेरायच्या, अशी पद्धत आहे. आत्याच्या आईपासून चालत आलेली. कधी दगा नाही. आत्या विचार करत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"त्या साली अंगणात शेंगा कमी लागल्या होत्या गं," ती म्हणाली. "शेळ्या ओढ्यापलीकडे जायच्या. दोन्हीकडचं खाऊन यायच्या. माझ्या डोक्यातच नाही आलं."

"दोन्हीकडचं," वहिनी एकदम उठली. "म्हणजे निम्मी तरी शमी असेल. भाऊजी, टँकर काढा."

ऊन उतरेपर्यंत आम्ही कुरणात फिरलो. वहिनी एकेका झाडाची फांदी वाकवायची, काटा बघायची, सोडून द्यायची. पहिल्या ओळीत ती पळत होती. नंतर चालायला लागली. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार, अंगाने भरलेली. वस्तीतले लोक कुंपणाबाहेरून बघून म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे. फक्त तात्यांनी एकदा विचारलं होतं, "झाडं झकास आहेत, पण खाली गवत का दिसत नाही?" आणि वहिनी म्हणाली होती, "येईल हो, धीर धरा." आता खाली बघितलं तर नुसती रेती, झाडलेल्या अंगणासारखी.

शेवटच्या ओळीचं शेवटचं झाड बघून वहिनी तशीच उभी राहिली. हाताला ओरखडे, बोटातून रक्त.

"एकही नाही," ती म्हणाली. "भाऊजी, एकही नाही. असं कसं होईल? मिसळ होती ना?"

मी तिला पाण्याची बाटली दिली. ती तिने हातात धरून ठेवली, प्यायली नाही.

घरी आलो तर आत्या फाटकाची किल्ली मुठीत घेऊन बसली होती. "हे बघ," ती वहिनीला म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या उघड फाटक. शेंगा खाऊन शेळ्या खूश, माणसं खूश. पुढचं पुढे. आत्ता सांगितलंस तर फाडून खातील तुला."

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मी मान हलवलीसुद्धा.

"मूठ झाकाल, शेळीचं पोट कसं झाकणार?" वहिनी म्हणाली. "उद्या सगळे कळप शेंगा खातील, आणि परवापासून लेंड्या पडतील शेतात, परसात, विहिरीवर. कुरण गेलंच. वस्ती पण जाईल." तिने किल्ली घेतली आणि पदराला बांधली. रात्री ती जेवली नाही.

सकाळी फाटकासमोर ही गर्दी. कळप, माणसं, धूळ. कोणी धुतलेले कपडे घालून आलेलं. तात्या सगळ्यांत पुढे, त्यांच्या उरलेल्या शेळ्या मागे. वहिनीला बघून त्यांनी काठी बगलेत मारली आणि दोन्ही हात जोडले.

वहिनीने फाटकाकडे पाठ केली. "तात्या, फाटक उघडणार नाही," ती म्हणाली. "आत शमी नाही. वेडी बाभूळ आहे. सगळी."

आधी कोणाला कळलंच नाही. मागे दोघं हसले; त्यांना वाटलं, चेष्टा. तात्या तसेच, हात जोडलेले. "काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं. मग कुंपणावरून फांदी मोडली आणि तात्यांच्या शेळीपुढे धरली. शेळीने वास घेतला. फुर्र केलं. तोंड फिरवलं. वहिनीने दुसऱ्या कळपातल्या शेळीपुढे धरली, तिसऱ्या कळपातल्या. एकेक शेळी तोंड फिरवत गेली आणि तिच्याबरोबर एकेक माणूस गप्प होत गेला.

तात्यांचे हात खाली आले. "तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं मी माझी जनावरं या फाटकाबाहेर उभी केली. पिल्लं विकली. पोरी, तुझ्या शब्दावर."

"हो तात्या."

"एवढंच? हो तात्या?"

आणि मग फुटलं. कोण काय बोललं ते सांगत नाही, मला त्याच लोकांना पाणी घालायचं आहे. कोणी म्हणालं, जाणूनबुजून केलं. कोणी म्हणालं, शेंगा तरी खाऊ द्या, उपाशी मारता का? त्या गलक्यात शेळ्यांना आतल्या शेंगांचा वास लागला आणि कळप फाटकावर रेटायला लागला. कडी वाकली. वहिनी पाठीने फाटक दाबून उभी. तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मी टँकरमध्ये चढलो, हॉर्न दाबून धरला, आणि टँकर मागे घेत घेत फाटकाला आडवा लावला. किल्ली काढून खिशात टाकली.

"आता हा हलवा," मी खाली उतरून ओरडलो, "आणि मग करा शेळ्या आत!"

कोणी हलवला नाही. बराच वेळ शिव्या झाल्या, मग एकेक जण कळप वळवून निघाला. तात्या शेवटी गेले. वहिनीकडे बघितलंही नाही.

दुपारी वहिनी रोपवाटिकेत गेली आणि हिरवी जाळी सोडायला लागली. ही सावलीची जाळी बांबूंवर ताणलेली असते, तिच्याखाली रोपं वाढतात. "काय करताय?" मी विचारलं. "बंद," ती म्हणाली. "मला झाडातलं काही कळत नाही. माहेरी मिरची-टोमॅटोची रोपं केली, तेवढीच माझी अक्कल." रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माहेरच्या त्या धंद्यातून तिने एकच नियम आणला होता आणि तो ती सगळ्यांना ऐकवायची: बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. पिशव्यांमध्ये रोपं वीतभर झाली की ती एकदा फेरी मारायची. जोमदार रोप ठेवायचं, मरतुकडं काढायचं. मिरचीला ते बरोबरच आहे. काढलेल्या पिशव्या मात्र ती फेकत नसे. त्यात माती असते, वजन असतं. जाळीची खालची कड वाऱ्याने उडू नये म्हणून त्या पिशव्या ती मागच्या बाजूने कडेवर ओळीने ठेवायला लावायची. पलीकडे लगेच कुंपण, तिकडे जायचं काही कामच नसे.

एवढ्यात तात्या आले. तरातरा, काठी आपटत. सकाळी उरलेलं बोलायला आले असणार. "उपटून लावायचं म्हणशील," ते दारातूनच सुरू झाले, "पण लावणार काय? शमीचं रोप आहे का तुझ्याकडे? एक तरी?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि जाळीला हिसका दिला. जाळी निघेना. कड कशात तरी अडकली होती. "भाऊजी, मागून जरा पिशव्या सरकवा."

मी मागे गेलो. पिशव्या उन्हाने फाटून चिंध्या झालेल्या. एकीला पायाने ढकललं. हलली नाही. हाताने ओढली. प्लास्टिक हातात आलं, मातीचा गोळा जागच्या जागी. आणि त्या गोळ्यातून एक रोप वर आलेलं, गुडघ्याएवढं, वाळकुडं, बारीक पानांचं. शेजारच्या पिशवीत दुसरं. मग दोन सोडून तिसरं. काही पिशव्यांमध्ये नुसत्या वाळक्या काड्या होत्या, पण कितीतरी जिवंत. त्यांना तीन वर्षांत कोणी चूळभर पाणी घातलं नव्हतं. पाणी घालणारा मी, मला माहीत.

"वहिनी," मी हाक मारली.

तात्याच आधी आले. त्यांनी वाकून एका रोपाचा बुंधा धरला आणि ओढला. मग काठी टाकली, दोन्ही हातांनी ओढला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. रोप तसूभर हललं नाही. "हे कुठवर गेलंय?" ते धापा टाकत म्हणाले.

वहिनी गुडघ्यांवर बसली. फांदी हलकेच वाकवली आणि काटे बघितले. बारके. कुठेही, कसेही, पेराच्या मध्येच. ती एकाकडून दुसऱ्याकडे रांगत गेली, कड संपेपर्यंत. मग तिथेच बसून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मीच काढली," ती म्हणाली. "मिसळच होती. शमी वर वाढतच नाही पहिली दोन-तीन वर्षं, आधी खाली मूळ सोडते. मला मरतुकडी वाटली. या माझ्या हातांनी एकेक शमी वेचून बाहेर काढली आणि बाभूळ ठेवली."

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. भीती वाटली, एवढं खरं. आपण आपल्या डोळ्यांनी बघून, निवडून, कौतुक करून असं काही करू शकतो याची.

"इथून काढून कुरणात लावता येतील?" तात्यांनी विचारलं. आवाज खाली आलेला.

"नाही. मूळ तुटलं की मरतील. आता ती इथेच." वहिनीने नाक पुसलं. "पण अंगणातल्या झाडाला यंदा भरपूर शेंगा आहेत. शेळ्यांना न चारता, बी गरम पाण्यात भिजवून पेरीन. एकही रोप काढणार नाही. वेळ लागेल, तात्या. मागच्याहून जास्त. तीन वर्षं म्हणणार नाही मी परत."

तात्यांनी काठी उचलली. "बाभळी मुळासकट खणाव्या लागतील," ते म्हणाले. "उद्या कुदळी घेऊन येतो. बाकीच्यांनी काय ते बघा."

तेवढ्यात म्हातारी आली. जाळी सुटल्यामुळे वाट मोकळी झाली होती. कोणी काही म्हणायच्या आत ती ओळीतल्या पहिल्या रोपापाशी गेली, मान वाकवली आणि शेंड्याचा कोवळा पाला कचकन तोडला. मी तिला हाकलायला काठी मागितली.

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणाली. तिचे डोळे आता वाहत होते. "तेवढा एक घास खाऊ द्या तिला."

म्हातारीने डोळे मिटून तो घास सावकाश चावला. मग मी तिला शिंगाला धरून बाहेर नेऊन बांधली.